डाव्या कुशीवर

पिकलेलं गळू फोडताना लोक तोंड फिरवतात. तुळशीराम फिरवत नसे. सौंसरच्या बाजारचौकात रघुनाथराव डॉक्टरांकडे तो एकोणीस वर्षं कंपाउंडर होता, आणि या एकोणीस वर्षांत पू, ओकाऱ्या, पोरांचे जंत, बैलाने शिंगावर घेतलेल्या मांड्या, असं सगळं त्याने उघड्या हातांनी निस्तरलं होतं. निस्तरून झालं की लाल साबणाने हात धुवायचे आणि डबा उघडून वांग्याची भाजी खायला बसायचं. घर त्याचं तिगावला. आठवडाभर तो सौंसरात खोली घेऊन राही, रविवारी घरी जाई. बायको अंबाबाई म्हणे, "तुमाले देवानं नाक देलं ते फक्त चष्मा ठेवाले."

असल्या माणसाला एक दिवस किळस आली, आणि आली ती गेलीच नाही. कशाची आली, ते सांगण्यासारखं आहे.

रघुनाथराव डॉक्टर फार स्वच्छ माणूस. पांढरी सफारी, पांढरा रुमाल, पांढरे बूट. त्यांच्या दवाखान्याचा फिनेलचा वास बसस्टँडपर्यंत जायचा, आणि कित्येक लोक त्या वासालाच अर्धं औषध समजायचे. आत तपासणीचं टेबल होतं, हिरव्या रेक्झिनचं, त्यावर रोज सकाळी बदललेली पांढरी चादर. दाराशी एक लोखंडी स्टूल. टेबलावर कोण झोपणार आणि स्टुलावर कोण बसणार, याची पाटी कुठे नव्हती. पाटी लावायला डॉक्टर काही अडाणी नव्हते.

पाटीचं काम तुळशीराम करायचा. पेशंट आला की नाव, गाव, आडनाव विचारायचं आणि कागद करायचा. आडनाव बौद्ध वस्तीतलं निघालं, की कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेनाने एक निळा ठिपका. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं, "ज्यांना टेबलावर घ्यायचं नाही त्यांच्या कागदावर खूण करत जा. लोकांसमोर विचारावं लागू नये मला. बरं दिसत नाही ते."

इतका सभ्य माणूस! ठिपकेवाल्याला ते हाकलत नसत. औषध चांगलं देत, आवाज चढवत नसत. फक्त ठिपकेवाला स्टुलावर बसे, डॉक्टर खुर्ची मागे सरकवत, मान दाराकडे वळवत आणि हात लांब करून स्टेथोस्कोप छातीला टेकवत. जितकी नळी लांब तितके डॉक्टर लांब. मग सुई तुळशीरामने टोचायची. तुळशीरामला यात काही वावगं वाटत नसे. खरं सांगायचं तर त्याला यात काहीच वाटत नसे, आणि हे जास्त वाईट.

कुसुम पहिल्यांदा आली ती ब्याऐंशी साली. बोरगावची, चोवीस-पंचवीस वर्षांची, काडीसारखी बारीक आणि जिभेने मिरचीसारखी. नवरा हिरामण कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. गडी मोठा सालस, बोलताना आधी दोनदा खाकरणारा. कुसुम संत्र्याच्या बागांमध्ये तोडीला जायची. तिचं दुखणं विचित्र होतं. खाली वाकून टोपलं उचललं आणि ताठ झाली, की डोळ्यांपुढे अंधार, छातीत धाप. कधी सरळ खालीच. झाडाखाली आडवी झाली, की पाच मिनिटांत चांगली. तोडीवरच्या बायका म्हणत, हिला टोपलं दिसलं की चक्कर येते आणि सावली दिसली की जाते.

डॉक्टरांनी स्टुलावर बसवून ऐकलं आणि तिथेच निकाल दिला. "लहानपणी सांधे धरले असतील. वाताने हृदयाची झडप आकसली आहे. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीन." तुळशीरामवर त्या दिवशी कृपा झाली. डॉक्टरांनी नळ्या त्याच्या कानात दिल्या. "ऐक. ही घरघर म्हणजे आकसलेली झडप. विसरू नकोस."

तुळशीराम विसरला नाही. ठोका, ठोका आणि मग जिनिंगचा पट्टा लांबून फिरावा तशी घरघर.

चार वर्षं दर एकवीस दिवसांनी कुसुम येत राहिली. ते इंजेक्शन घट्ट आणि ठणकणारं. टोचलं की दोन दिवस माणूस लंगडतो. ती दर वेळी लंगडत जायची आणि दर वेळी दारातून एक बोलून जायची. "डाक्टरसाहेब, माही छाती इतक्या लांबून आयकू येते, मंग मी बोरगाववूनच आयकवत जाऊ का?" रांगेतले लोक हसत. डॉक्टर रुमालाने स्टेथोस्कोपची चकती पुसत. ती हेही सांगायची, अगदी पहिल्या दिवसापासून, "झोपली की बरं वाटते जी, बसली की दम लागते." डॉक्टर म्हणायचे, "हृदयाच्या पेशंटला झोपल्यावर जास्त दम लागतो, बाई. पुस्तकात तसंच आहे." म्हणजे पुस्तक खरं आणि बाई खोटी.

शहाऐंशीच्या डिसेंबरात, संत्र्यांच्या आंबिया बहाराची तोड संपत आली होती तेव्हा, हिरामण तिला सायकलवर बसवून घेऊन आला. दुपारची वेळ, डॉक्टर जेवायला घरी गेलेले. कुसुम स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्या तिचे ओठ निळे पडले. ती पुढे कोसळली ती तुळशीरामच्या अंगावर.

"भाऊ, गेली का ही?" हिरामण खाकरायचंही विसरला.

तुळशीरामने विचार केला नाही. केला असता तर कदाचित तिला फरशीवर ठेवलं असतं. दोघांनी उचलून तिला टेबलावर टाकलं. दोन मिनिटांत तिचा रंग परत आला. तिने डोळे उघडले, चादर चाचपली, वर पंखा पाहिला आणि म्हणाली, "अगोबाई. मेल्यावर इथी आणते काय?"

तुळशीरामने डॉक्टरांचा स्टेथोस्कोप घेतला आणि तिच्या छातीला लावला. ठोका, ठोका. घरघर नव्हती. जागा बदलली, दाबून लावला. नव्हतीच.

"कुसुमबाई, जरा बसा."

ती बसली. घरघर आली. "आता झोपा." गेली. "बसा." आली.

"काय चाललं हे? उठक-बैठक?" कुसुम म्हणाली. "मी चार वर्षं काय सांगून राहिली?"

आकसलेली झडप आडवं झाल्यावर उघडत नाही, इतकं कंपाउंडरलाही कळतं. छातीत काहीतरी होतं, जे हलत होतं.

तेवढ्यात डॉक्टर परत आले. दारात थांबले. कुसुमला काही बोलले नाहीत. सुई द्यायला लावली आणि पाठवून दिलं. ती गेल्यावर तुळशीरामने भीत भीत सांगितलं, साहेब, बसल्यावर आवाज येतो, झोपल्यावर येत नाही, तुम्ही एकदा ऐकून पाहा.

डॉक्टरांनी ते ऐकलंच नाही. ते टेबलाकडे पाहत होते. "ती चादर काढ," ते शांतपणे म्हणाले. "मागे नेऊन जाळ. रेक्झिन फिनेलने दोनदा धू. आणि कंपाउंडर आहेस तर कंपाउंडरसारखा राहा."

आता ऐका. दोनच दिवस आधी एका बागायतदाराचा नातू याच टेबलावर, असल्याच चादरीवर हगला होता. पिवळं, पातळ, जंतांसकट. डॉक्टरांच्या सफारीवर शिंतोडे उडाले होते. डॉक्टर हसले होते. "बाळकृष्ण आहे," म्हणाले होते, आणि पोराच्या गालाचा मुका घेतला होता. ती चादर धोब्याकडे गेली आणि परत आली. हीच ती चादर. धुऊन आलेली.

तुळशीराम चादर घेऊन मागच्या अंगणात गेला. चादरीवर डाग नव्हता. तिच्या केसांतलं खोबरेल उशाच्या जागी जरासं लागलं होतं, संत्र्याच्या सालीचा वास होता. त्याने रॉकेल ओतलं आणि काडी लावली. होय, लावली, नाही म्हणाला नाही. जळत्या सुताचा धूर नाकात गेला आणि त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने डबा उघडला, वांग्याची भाजी पाहिली आणि झाकण परत लावलं. मग फिनेलने रेक्झिन दोनदा धुतलं. धुताना त्याला त्या वासाची शिसारी आली, डॉक्टरांच्या बुटांची आली, आणि पेन धरणाऱ्या आपल्या बोटांची तर इतकी आली, की ती कुठे ठेवावीत ते कळेना.

औषध कंपनीचा एक एजंट महिन्याला नागपूरहून यायचा. तो मागे सांगून गेला होता, की नागपुरात एका दवाखान्यात नवं मशीन आलंय. आवाजाच्या लाटांनी छातीतलं जिवंत हृदय टीव्हीवर दाखवतं, सुई नाही, काप नाही. तुळशीरामने पत्ता शोधून काढला, बायको आजारी असल्याचं डॉक्टरांना सांगितलं आणि बोरगाव गाठलं.

"जय भीम, भाऊ," हिरामण म्हणाला.

"राम राम," तुळशीराम पुटपुटला. या माणसाच्या दारात तो पहिल्यांदाच उभा होता. "उद्याच्या बसनं नागपूरले जाऊ. कुसुमबाईच्या छातीत झडपेचं नाई, दुसरं काईतरी आहे."

"मंग चार वर्षं सुई कायची देली?" आतून कुसुमचा आवाज आला.

नागपूरच्या त्या खोलीत अंधार होता. एक मशीन, त्यावर छोटा पडदा, बाजूला बिछाना. डॉक्टरीणबाई होत्या, विजयमाला नावाच्या, चाळिशीच्या, कानावर पेन अडकवलेलं. "या, झोपा डाव्या कुशीवर," त्या म्हणाल्या.

कुसुम झोपली नाही. तिने खोलीत चारी बाजूंना पाहिलं. बसायला स्टूल शोधत होती ती. "याच्यावर?" तिने विचारलं. "मी?"

"मग काय मी झोपू?" विजयमालाबाई हसल्या. त्यांनी तिच्या खांद्याला धरून तिला कुशीवर केलं, छातीवर थंडगार चिकट मलम ओतलं आणि एक यंत्र डाव्या स्तनाखाली दाबून धरलं. दुसरा हात उघडाच तिच्या बरगड्यांवर होता. तुळशीराम त्या हाताकडेच पाहत राहिला. डॉक्टरचा हात इतका जवळ असू शकतो!

पडद्यावर करड्या रंगाचा पंखा उघडला. बिघडलेल्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखे ठिपके, आणि मधे काळी पोकळी उघडमीट करणारी.

"ही डावीकडची वरची खोली," विजयमालाबाईंनी बोट ठेवलं. "ही खालची. मधली ही दोन पानं फडफडतात ना, ती झडप. झडप चांगली आहे. पातळ, मोकळी." त्या थांबल्या. त्यांनी यंत्र किंचित फिरवलं. "आणि हा बघा."

वरच्या खोलीत एक गोळा होता. मऊ, लिबलिबीत, कडा झिरमिळ्या झालेल्या. हृदय मिटलं की तो वर जाई, उघडलं की दोन पानांमधून धबकन खालच्या खोलीत उतरे. पुन्हा वर. पुन्हा खाली. बाईच्या छातीत बसून तो चार वर्षं हेच करत होता. हिरामणने तोंडावर रुमाल धरला.

"गुठळी आहे काय मॅडम, रक्ताची?" तुळशीरामने विचारलं.

"गुठळी बहुतेक मागच्या भिंतीला धरून बसते, अशी नाचत नाही. याला देठ आहे, हा पाहा, हृदयाच्या मधल्या पडद्याला लागलेला. ही गाठ आहे. मिक्झोमा. कॅन्सर नाही, काढली की बाई बरी. पण काढलीच पाहिजे, लवकर. हिचा एखादा तुकडा सुटून मेंदूत गेला, की अर्धं अंग गेलं. मोठा तुकडा गेला की बाईच गेली." त्या कुसुमकडे वळल्या. "बसल्यावर ही दारात लोंबते, रक्ताची वाट अडते. आडवं झालं की मागे सरकते. साधा स्टेथोस्कोप लावला तरी फरक कळतो. चार वर्षांत तुम्हाला कोणी झोपवून तपासलं नाही?"

हिरामण खाकरला, एकदा, दोनदा. तुळशीराम जमिनीकडे पाहत होता.

कुसुमच बोलली, कुशीवर पडल्या पडल्या, पडद्यावरची नजर न काढता. "आमच्या कागदावर निळा ठिपका असते ना मॅडम. ठिपकेवाल्याले झोपवत नाई. माह्या सासऱ्याच्या कागदावर होता, नणंदेच्या होता. सातवी शिकली आहो मी, दिसते मले. घरी आमी हसत होतो, का तुळशीरामभाऊ आडनाव आयकून ठिपका देते का तोंड पाहून."

विजयमालाबाईंनी तुळशीरामकडे पाहिलं. मग जाडं टोपण असलेल्या पेनाने अहवाल लिहिला, मशीनमधून निघालेला गाठीचा फोटो पाकिटात घातला आणि दक्षिणेतल्या एका मोठ्या मिशन दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी दिली. "येत्या शुक्रवारच्या गाडीने निघा. हा फोटो आणि अहवाल सोबत हवाच. त्यावरूनच ते लगेच ऑपरेशनला घेतील, नाहीतर पुन्हा तपासण्यांच्या रांगेत बसवतील. तेवढा वेळ हिच्याकडे नाही."

बाहेर हिरामणने तर्री-पोह्याच्या तीन प्लेटा आणल्या. तुळशीरामने घास हातात घेतला. डोळ्यांपुढे तो गोळा वर गेला, खाली आला. त्याने प्लेट ठेवून दिली.

इथवर झालं ते ठीक. पण हिरामण पडला सज्जन माणूस. त्याच्या मनात आलं, चार वर्षं ज्याने औषध दिलं त्या डॉक्टरला सांगितल्याशिवाय जायचं कसं? बुधवारी तो पाकीट घेऊन एकटाच दवाखान्यात गेला आणि उभ्यानेच ते डॉक्टरांसमोर धरलं. रघुनाथरावांनी अहवाल वाचला, फोटो उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा खुलला. खुलला! "हं. मला संशय होताच," ते म्हणाले. "दुर्मिळ केस आहे. पाकीट राहू दे माझ्याजवळ. रविवारी छिंदवाड्याला डॉक्टरांची सभा आहे, तिथे मांडतो. सोमवारी ने."

"पण साहेब, गाडी..."

"गाड्या रोज असतात."

हिरामण मागच्या दाराने तुळशीरामकडे आला. "मले मागता आलं नाई भाऊ. त्यायनं खणात टाकलं. आता?"

तुळशीरामने हातातली बाटली ठेवली आणि आत गेला. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. वरची ओळ त्याला उलटी वाचता आली: मी चार वर्षं पाठपुरावा केलेला एक दुर्मिळ रुग्ण.

तुळशीराम टेबलाला वळसा घालून खणाजवळ गेला.

"साहेब, पाकीट द्या."

"कोणतं?"

"कुसुमबाईचं. परवा गाडी आहे तिची."

"तुळशीराम, तुला कळतं का हे किती महत्त्वाचं..."

"कळते. तिच्या छातीतलं आहे ते, तुमच्या खणातलं नाई. त्याच्याबिगर ती तिथी रांगेत मरन." त्याने स्वतःच खण उघडला. एकोणीस वर्षांत त्या खणाला त्याने किल्ली लावली होती, हात कधी घातला नव्हता. पाकीट काढलं, शर्टाच्या आत टाकलं. "आन तुमी तिचं ऐकलं नव्हतं साहेब. एकदाई नाई. तुमी लांब बसून ठिपका पाहून सुई लिवली, आन मी टोचली. हे सांगा छिंदवाड्याले. नाईतर मी येतो सांगाले."

रघुनाथराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "हात धू आणि घरी जा," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

तुळशीराम हात न धुताच निघाला. सभेत डॉक्टरांनी ती केस मांडली, फोटोशिवाय. टाळ्या पडल्या म्हणतात. तुळशीराम काही छिंदवाड्याला गेला नाही. जाईन म्हणणं सोपं असतं.

कुसुम शुक्रवारच्या गाडीने गेली. दहाव्या दिवशी तिची छाती उघडली, गाठ देठासकट काढली आणि शिवली. हे सगळं तुळशीरामला कळलं ते पाच महिन्यांनी, मे महिन्यात. तेव्हा तो पांढुर्ण्यात एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. दुकानाबाहेर एक बाई सायकलवरून उतरली आणि ताठ चालत पायऱ्या चढून आली. लंगडत नव्हती. गळ्याखालून पदरात जाणारी एक लाल रेघ दिसत होती.

"रक्ताच्या गोळ्या द्या भाऊ. ताकद यावी म्हणून लिवल्या तिथच्या डाक्टरायनं," कुसुम म्हणाली. हिरामण सायकल टेकवून मागे आला. "गाठ बरणीत घालून दाखवली आमाले. आवळ्याएवढी. यायलेच चक्कर आली. मले नाई."

"बरं झालं बाई. लय बरं झालं," तुळशीराम म्हणाला. मग काउंटरवर दोन्ही हात टेकवून, गिऱ्हाईक नाही असं पाहून, तो हळू बोलला, "मले झोप नाई येत. माहीच किळस येते मले. जेवताना येते, हात धुताना येते. तुमच्यासाठी मी नोकरी घालवली, तरी जात नाई."

कुसुमने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला असावा, किंवा हसू. सांगता येत नाही.

"माह्यासाठी नोका सांगू," ती म्हणाली. "तुमी एक दिवस चांगले वागले, चार वर्षं नाई. त्या स्टुलावर माही नणंद बसत होती, ते तर मेली पोटाच्या दुखण्यानं. तिले कोणी झोपवून पायलं असतं तर काय निंगालं असतं? सांगा न."

"मले नाई माहीत."

"मलेई नाई." तिने पिशवी पुढे केली. "येऊ द्या किळस. तुमचीच आहे, मी काय करू तिचं? गोळ्या द्या. एका महिन्याच्या."

तुळशीरामने पट्ट्या कापून पाकिटात घातल्या. हिरामण खाकरला आणि म्हणाला, येतो भाऊ. कुसुमने पाकीट तिथेच उघडलं, पट्टी उन्हात धरली, छापलेली मुदतीची तारीख वाचली, आधी महिना, मग साल, आणि मगच ते पिशवीत टाकलं.